दाव्याला हात लावण्याआधी

आबांनी माझ्या वळकटीची गाठ दातांनी सोडवली. पुण्यातल्या वसतिगृहाची दुसऱ्या मजल्यावरची खोली होती. भिंतींना ताज्या रंगाचा कोरडा, खडूसारखा वास येत होता आणि खिडकीत गुलमोहराची एकच फांदी आत डोकावत होती. पलीकडच्या कॉटवर माझी रूममेट गार्गी आणि तिची आई चादर अंथरत होत्या, कोपरे ओढून, एक सुरकुती राहू न देता. माझी गाठ पहाटे घोडेगावात आबांनीच मारलेली होती. घायपाताचं पिवळट, खरखरीत दावं. गोठ्यातल्या खुंटीवरून काढून आणलेलं. त्याला शेणाचा आणि हिरव्या घासाचा मंद वास होता. गावी तो वास मला कधी जाणवला नव्हता. त्या खोलीत मात्र तो माझ्याआधी सगळ्यांना कळला असावा, असं मला वाटलं.

गाठ सुटली. आबांनी ते दावं तळहात आणि कोपर यांच्यामध्ये गुंडाळलं, त्याची नीट पेंडी केली आणि आपल्या पिशवीत ठेवली. गार्गीच्या आई मायेनं म्हणाल्या, “काका, राहू द्या की ती दोरी. मुलींना कपडे वाळत घालायला होईल.”

आबा संकोचून हसले. “न्हाई ताई. दावं देत न्हाई आमी. जनावर दिलं तरी दावं घरी न्यायाचं असतं.”

“का बरं?”

“गोठा उघडा पडत न्हाई मंग.”

त्या हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आज मी शपथेवर सांगेन. पण गार्गीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या नजरेत मला मी दिसले: नव्या दावणीला आणून सोडलेलं, अनोळखी भिंती हुंगत उभं असलेलं एक जनावर. मी म्हटलं, “आबा, निघा आता. बस चुकेल.”

दीड वाजला होता. बस चारची होती. ही गोष्ट आबांनाही ठाऊक होती. स्टँडवर उतरल्याबरोबर परतीच्या गाडीची चौकशी त्यांनीच केली होती. तरी ते म्हणाले, “व्हय, व्हय, निघतो.” दारात बसून त्यांनी चपला घातल्या. मी फाटकापर्यंत गेले नाही. खिडकीतून पाहिलं, तेव्हा ते गुलमोहराच्या सावलीतून चालले होते आणि पिशवीतून दाव्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं. त्या दिवशी शुक्रवार होता. माझ्या आठवणीत आबांनी पहिल्यांदाच घोडेगावचा बाजार चुकवला होता.

हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी, ज्यांनी अशा गाठी मारून दिल्या आणि रिकाम्या हातांनी परत गेलात. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे खिडकीशी उभे राहिलात.

आबा दलाल आहेत. जनावरांचा बाजार भरतो तिथे विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभा राहून सौदा जुळवणारा माणूस. आमच्याकडे हा शब्द उच्चारताना कुणाची जीभ अडखळत नाही. सुतार म्हणावं, शिंपी म्हणावं, तसाच तो. घरचं दोन एकर रान आहे, पण ते आई पाहते. आबांचं खरं रान म्हणजे शुक्रवारची ती मोकळी जागा. पहाटेपासून तिथे टेम्पो लागतात, फळ्या आडव्या पडतात, खुरांचा खडखडाट होतो. उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे चाऱ्यासाठी तोडलेल्या शेंड्यांचा, गोड, हिरवा वास, शिंगांना नुकत्याच लावलेल्या हिंगुळाचा तेलकट वास, चहाच्या गाडीवरचा आल्याचा वास हे सगळं एकमेकांत मिसळून धुळीसारखं अंगावर बसतं. लहानपणी मी आबांचं धोतर धरून त्या गर्दीतून चालत असे, आणि माझ्या उंचीवर फक्त पोटं, पाय आणि ओल्या नाकपुड्या असत.

बाजारात येणारं प्रत्येक जनावर त्या दिवशी आपल्या रूपापेक्षा थोडं अधिक देखणं असतं. अंग खरारलेलं, शिंगं तासलेली, गळ्यात नवी घागरमाळ. गाय दुभती दिसावी म्हणून दोन वेळा धार न काढता कास तुंबवून आणणारेही असतात. ती बिचारी पाय फाकवून चालते आणि घेणाऱ्याला वाटतं, केवढी दुधाची आहे. आबांचा नियम या सगळ्याच्या उलटा होता. ते म्हणत, “आदी खोड सांगायची. मंग दाव्याला हात लावू द्याचा.” घेणारा जनावराभोवती फिरत असतानाच ते सुरुवात करत: हा डाव्या अंगाला चांगला चालतो, उजव्याला घातला की बसतो. ही म्हैस गुणाची आहे, पण पांढऱ्या कपड्याला बुजते. मालक शेजारी उभा राहून दात-ओठ खात असे.

रशीदचाचा हे आबांचे जोडीदार, त्याच बाजारातले जुने दलाल. ते चिडवत, “तू दलाल हायेस का डाक्टर? गिऱ्हाइकाला दुखनंच सांगत बसतो.”

“इकल्यावर शिव्या खान्यापरीस आदी खाल्लेल्या बऱ्या,” आबा म्हणत. “पोट तरी साफ ऱ्हातं.”

पण लोक लांबून आबांना शोधत येत, ते याच कारणानं. त्यांनी सांगितलेल्या खोडीवर कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. त्यांचा शब्द हीच त्यांची इस्टेट होती.

कविता मी नगरच्या महाविद्यालयात शिकले असं माझी गुणपत्रिका सांगते. छंद, प्रतिमा, श्लेष यांची नावं मला तिथे कळली, हे खरं. पण शब्दात एक सबंध जीव मावतो, हे मी त्याआधीच ऐकलेलं होतं. ओढाळ: जे दावणीला राहत नाही, ज्याचं तोंड सतत दुसऱ्याच्या शेताकडे. अंगचोर: जे जू खांद्यावर घेतं पण भार घेत नाही. बुजरं. मारकं. आणि सगळ्यांत हळू आवाजात सांगितली जाणारी ती खोड: “पान्हा चोरते.” कासेत दूध असतं, वासरू समोर असतं, पण गाय ते सोडत नाही. आबा हे सांगताना तिच्या पाठीवर हात ठेवत. जणू तिची नालस्ती करण्याआधी तिची परवानगी घेत.

पुण्यात मी भाषा आणि डिजिटल संवाद या विषयाच्या पदविकेला आले होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी उभं राहून ओळख करून दिली. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे बँकेत, कुणाची आई वकील. माझी पाळी आली आणि मी म्हणाले, “वडील शेती करतात.” ते अगदीच खोटं नव्हतं. खोड अर्धीच झाकली होती, म्हणून ती मला लपवाछपवी वाटली नाही.

दुसऱ्या सत्रात पोर्टफोलिओ तयार करायचा होता. मॅडम सांगत, “तुम्ही नोकरीसाठी जाल तेव्हा तुमच्याआधी तुमचं पान तिथे पोचलेलं असेल. तुम्ही काय केलंत, कसं केलंत, तुम्ही कोण आहात, हे त्या पानानं बोलायला हवं.” त्या चांगल्या शिक्षिका होत्या आणि त्यांनी कुणालाही खोटं लिहायला सांगितलं नाही. उलट त्या म्हणत, जे खरं आहे तेच नीट मांडा. मांडणी माझी मी केली.

एका तासाला त्यांनी आम्हाला स्वतःचं नाव इंटरनेटवर शोधायला लावलं. परका माणूस आपल्याला शोधेल तेव्हा त्याला काय दिसेल, ते आधी आपण पाहावं, असा हेतू. माझ्या नावाखाली नगरच्या काव्यवाचन स्पर्धेतला एक पुसट फोटो निघाला, आणि चुलतभावानं पोळ्याला टाकलेला एक फोटो. त्यात झुली घातलेले दोन बैल, मध्ये गुलालानं माखलेले आबा आणि त्यांच्या खांद्याला टेकलेली मी. आबांचं तोंड हसून एवढं उघडलं होतं की पडलेल्या दाताची फट दिसत होती. मी भावाला फोन करून तो काढून टाकायला सांगितला. त्यानं कारण विचारल्यावर मी म्हणाले, “अभ्यासाचा नियम आहे.” मग कॉलेजच्या दगडी भिंतीपाशी, बोगनवेलीच्या सावलीत, हातमागाचा कुर्ता घालून मी नवा फोटो काढून घेतला. गार्गीनं तो काढला. तिनं माझी हनुवटी बोटानं थोडी उचलली, जशी आबा बैलाचे दात पाहण्याआधी उचलतात.

पानावर नावासाठी दोन रकाने होते, एक नावाचा आणि एक आडनावाचा. आपल्याकडे मुलीच्या नावाच्या मधोमध बाप उभा असतो. शाळेच्या दाखल्यावर, परीक्षेच्या ओळखपत्रावर, सगळीकडे. इथे तो रकानाच नव्हता. मला हायसं वाटलं, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

त्याच दिवसांतला आणखी एक तास. ज्यांचा अर्थ काळाच्या ओघात घसरला, असे शब्द जमवायचे होते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “दलाल.” वर्ग हसला. ते हसणं कुठल्या गल्लीतून आलं होतं हे सांगायची गरज नाही. शहरात तो शब्द कोणत्या अर्थानं उरला आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. एक मुलगा पुढे म्हणाला, “हा शब्द कुणी आपल्या बायोमध्ये टाकून दाखवावा.” वर्ग पुन्हा हसला.

मीही हसले. त्या हसण्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे, तांब्याच्या पैशासारखी.

प्रकल्पासाठी मात्र मला बाजाराखेरीज दुसरं काही सुचलं नाही. जे शब्द मला वर्गात लाज आणत होते, त्याच शब्दांची किंमत मला कळत होती. दोन्ही गोष्टी माझ्यात एकाच वेळी नांदत होत्या. मी घरी गेले, शुक्रवार गाठला आणि आबांच्या सदऱ्याच्या खिशाला छोटा माइक लावला. दिवसभर त्यांच्या मागे फिरले. संध्याकाळी बाजार उठल्यावर, खुंट्यांभोवती तुडवलेल्या वाढ्यांवर बसून, आबांनी मला एकेक खोड सावकाश सांगितली. मधूनच थांबून विचारत, “आलं का त्यात? पुन्यांदा सांगू?” माझ्यासाठी ते शब्द स्वच्छ उच्चारायचा प्रयत्न करत होते, “न्हाई”च्या जागी “नाही” म्हणत होते, आणि मी त्यांना सांगत होते की तसं नको, नेहमीसारखंच बोला.

“ह्ये समदं जगाला ऐकू जानार व्हय?”

“ज्यांना हवं त्यांना.”

“आन् माजं नाव टाकशील न्हवं त्यात?”

“टाकीन की.”

“पुरं टाक. गावासकट.” ते हसले. त्या दाताच्या फटीतून वारा गेल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे. “सांगतो मंग बाजारात.”

ते रेकॉर्डिंग पोर्टफोलिओवर चढवलं ती दुपार मला लख्ख आठवते. कॉलेजच्या संगणककक्षात पंख्याची घरघर होती, बाहेर कुणीतरी कँटीनच्या पत्र्यावर पाणी मारत होतं. प्रकल्पाचं नाव मी ठेवलं होतं ‘खोड’. खाली बत्तीस शब्द, प्रत्येकाबरोबर आबांचा आवाज, आणि एकच छायाचित्र: बैलाचा ओठ उचलणारा आबांचा हात. हातच फक्त. चेहरा मी चौकटीबाहेर ठेवला होता. स्वतःला सांगितलं होतं की कवितेत असंच असतं, भागातून पूर्ण सुचवायचं. सगळ्यांत शेवटी एक रकाना होता: माहितगाराचं नाव.

मी आबांचं नाव टाइप केलं, गावासकट. आडनाव माझंच होतं. ते पाहिल्याबरोबर कुणालाही कळलं असतं, आणि मग तो तास, ते हसणं, ती पहिल्या दिवशीची ‘शेती’ हे सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं असतं. मी अक्षरं एकेक करून पुसली. तिथे लिहिलं: एक स्थानिक व्यापारी, घोडेगाव.

प्रकल्प गाजला. मॅडमनी तो इतर वर्गांत दाखवला. त्याच पानावरून बेंगळुरूच्या एका कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं. मोबाईलवरच्या यंत्राला भारतीय भाषा बोलायला शिकवण्याचं काम होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ‘पान्हा चोरते’ हा शब्द दोनदा ऐकला. मग त्यांनी आस्थेनं विचारलं, “अशा माणसाचा विश्वास तुम्ही कसा मिळवलात?”

मी म्हणाले, “वेळ लागतो. बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या.”

ते उत्तर त्यांना आवडलं. मला नोकरी मिळाली.

आज माझी खोली बेंगळुरूत आठव्या मजल्यावर आहे. सकाळी खालून फिल्टर कॉफीचा आणि ओल्या रांगोळीचा वास येतो. दूध पिशवीत येतं; ते कोणत्या गाईनं सोडलं आणि कोणत्या गाईनं चोरलं, हे कुणी सांगू शकत नाही. माझ्या दिवसात कॉल आहेत, डेडलाइन आहेत, फीडबॅक आहे. ऑफिसातली मंडळी माझं नाव प्रेमानं, पण चुकीच्या जागी जोर देऊन उच्चारतात आणि मी ते दुरुस्त करत नाही. आईशी रोज बोलणं होतं. आबा फोनवर कमीच बोलतात. मागून त्यांचा घसा खाकरण्याचा आवाज येतो आणि त्यावरून ते घरात आहेत हे मला कळतं.

एका शनिवारी रशीदचाचांचा फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत, म्हणून उचलताच मी विचारलं, “आबा बरे आहेत ना?”

“घाबरू नको बेटा, समदं ठीक हाय,” ते म्हणाले. “पन एक गोष्ट तुला सांगावी वाटली. माज्या पोटात ऱ्हायना.”

त्यांची धाकटी लेक नगरला औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिला तिच्या मोबाईलवर माझं पान सापडलं होतं. रशीदचाचांनी ते बाजारात आणलं. चहाच्या गाडीपाशी दहा-बारा माणसं जमली, लेकीला मध्ये उभं केलं आणि ती एकेक शब्द वाजवू लागली. आबांचा आवाज आबांच्याच बाजारात ऐकू आला. लोक खूश झाले. एकानं टिंगल केली की आवाज तर झकास आहे, आता लग्नाच्या मांडवात सनईऐवजी ह्यालाच बसवा. आबा गंभीर चेहरा करून म्हणाले होते, “थांबा, शेवटाला नाव हाय माजं. गावासकट. पोरीला सांगितलं हुतं मी.” गेली दोन वर्षं ते बाजारात हेच सांगत होते.

लेकीनं शेवटचा रकाना वाचला. एक स्थानिक व्यापारी.

“पुन्यांदा वाच म्हनलं मी तिला,” रशीदचाचा म्हणाले. “तिनं पुन्यांदा वाचलं. चहा उकळत हुता तेवढाच आवाज. मंग तुजा बाप म्हनला, मीच म्हनलो हुतो तिला, नाव नको टाकू म्हनून. इसरलोच हुतो. आन् हसला.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“चाळीस वर्सं त्याच्याबरबर उभा हाय मी बाजारात,” ते सावकाश म्हणाले. “त्यानं कुनाची खोड झाकली न्हाई कदी. माजी बी न्हाई. काल पयल्यांदा झाकली. एवढंच सांगायचं हुतं बेटा. तू मोठी झालीस, लई चांगलं झालं.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हात धूत राहिले. का, ते मला सांगता येणार नाही.

पुढच्याच आठवड्यात मी घरी गेले. नगरहून घोडेगावकडे येताना रस्त्याच्या कडेनं उसाच्या गाड्या ओळीनं चालल्या होत्या आणि त्यांच्यातून गळलेलं पाचट वाऱ्यानं रस्ताभर फिरत होतं. आबा गोठ्यात वाढी तोडत बसले होते. कोयत्याचा तो ओला, कुरकुरीत आवाज. मला पाहून ते म्हणाले, “आशू, दमली आसशील. च्या घे आदी.” आईनं मला अंगणात चहा दिला आणि ती काही न विचारता आत गेली. तिला सगळं कळलेलं होतं.

मी आबांजवळ जाऊन बसले. शब्दांवरच माझं पोट चालतं, तरी तेव्हा मला एवढंच जमलं: “आबा, माझं चुकलं.”

कोयता थांबला नाही. “काय चुकलं?”

“नाव.”

ते थोडा वेळ वाढी तोडत राहिले. “सौदा झाल्यावं खोड सांगत न्हाईत, पोरी. सांगनारा मोकळा व्हतो, घेनाऱ्याच्या जिवाला घोर लागतो.”

“आता टाकते नाव. हे बघा, तुमच्यासमोर टाकते.” मी मोबाईल बाहेर काढला होता. पान उघडलेलं होतं. तीन शब्द पुसायचे, तीन शब्द लिहायचे. एवढ्या घाईनं मी आयुष्यात काही दुरुस्त करायला धावले नव्हते.

मी येऊन बसल्यापासून आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “न्हाई. आता नको टाकू.”

“का?”

“मी बाजारात सांगितलंय, मीच नको म्हनलो म्हनून. आता नाव आलं तर लोक काय म्हनतील? म्हनतील ह्यो बी झाकतो. उद्या मी म्हशीची खोड सांगितली तर कोन इस्वास ठेवीन?” त्यांनी हाताला चिकटलेला पाला झटकला. आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणून मला मान वर करता येईना. “तुजं काम झालं न्हवं त्येनं?”

“झालं.”

“मंग झालं.”

मला तेव्हा कळलं की आबांनी माझी खोड स्वतःच्या खांद्यावर घेतली आहे आणि ती त्यांच्या खांद्यावरून काढून घ्यायचा हक्कही आता माझ्याकडे उरलेला नाही. मी खरं लिहिलं तर ते खोटे ठरतात. मी खोटं तसंच ठेवलं तर त्यांचा शब्द शाबूत राहतो. अशी कोंडी मी कुठल्याही कवितेत वाचली नव्हती. लाज धुवायला पाणी शोधत मी इतक्या लांबून आले होते, आणि मला सांगण्यात आलं होतं की हा डाग असाच राहू दे, त्याच्यावर कुणाची तरी अब्रू उभी आहे.

मोबाईल खाली ठेवून मी विचारलं, “माझ्या स्वतःच्या ओळखीत लिहू का? तुम्ही काय करता ते?”

“ते तुजं हाय. तुज्या पाटीवं तू काय बी लिव्ह.” मग, कोयता खाली ठेवून, जरा मिस्कील होऊन: “पन शेती करतो म्हनून नको लिव्हू. तुजी आई भांडंल.”

म्हणजे तेही त्यांना माहीत होतं.

उठता उठता माझं लक्ष गोठ्याच्या भिंतीकडे गेलं. तीन खुंट्या. दोन खुंट्यांवर जनावरांचा रोजचा पसारा, कासरे, मुसक्या, जुनी घागरमाळ. तिसऱ्या खुंटीवर घायपाताचं ते एकच पिवळट दावं, पेंडी केलेलं, तसंच. मध्यंतरी घरात नवी गाय आली होती. मी आईला विचारलं, हे का नाही वापरलं. ती भाकरी थापता थापता आतूनच म्हणाली, “त्येला हात लावू देत न्हाईत. गाईला नवं आनलं.”

मी ते उतरवून हातात घेतलं. तळहाताला त्याची कुसं टोचली. शेणाचा वास केव्हाच उडून गेला होता; राहिला होता फक्त कोरड्या धाग्याचा आणि धुळीचा. एका टोकाशी धागे दबून चपटे झाले होते. तिथे आबांचे दात लागले होते. त्या खोलीत, त्या दोन बायकांसमोर, मी ज्याची लाज धरली, त्याच दाव्यानं इतकी वर्षं या गोठ्यात माझी जागा धरून ठेवली होती. मी ओढाळ निघाले, हे त्यांना माझ्याआधी कळलं असेल. तरी खुंटी त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

माझ्या पानावरची पहिली ओळ आता अशी आहे: घोडेगावच्या बाजारातल्या एका दलालाची मुलगी. ऑफिसातला एक मराठी सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाला की हा शब्द बरा दिसत नाही, ‘पशुधन सल्लागार’ लिही. मी त्याला बाजाराचा अर्थ सांगितला. तो ऐकून हसला नाही, पण त्याला पटलंही नाही. माझी मुलाखत घेणाऱ्या बाईंनाही मी खरं सांगितलं, त्या फेऱ्या कशा होत्या ते. त्या म्हणाल्या, “तेव्हाच सांगितलं असतंस तर मला अधिक आवडलं असतं.” माझा सौदा केव्हाच होऊन गेला होता.

‘खोड’च्या शेवटच्या रकान्यात मात्र तेच तीन शब्द आहेत आणि ते तसेच राहतील. आता तुमच्या लक्षात आलं असेल की या लेखातही मी आबांचं नाव कुठे लिहिलेलं नाही. बाजारात दिलेला शब्द त्यांचा आहे. तो पाळायचं काम माझ्याकडे आलं आहे.

निघण्याच्या दिवशी आबांनी माझी बॅग फाट्यापर्यंत आणली. चाकांची बॅग होती, पण ती त्यांनी उचलूनच आणली. तिला साखळी होती, कुलूप होतं, कशाचीही गाठ मारायची गरज नव्हती. एस.टी. यायला अवकाश होता. या वेळी मी त्यांना जा म्हणाले नाही. बस येईपर्यंत आम्ही दोघं बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. गाडी दिसली तेव्हा क्षणभर माझ्या ओठांवर आलं, ते दावं मला द्या म्हणून.

मी मागितलं नाही. दावं देत नाही आम्ही.